स्वयंपाकघरातील पडदा

१

मराठीत ‘पडदा’ हा शब्द दोन उलट कामे करतो. दारावरचा पडदा नजर अडवतो आणि चित्रपटगृहातला पडदा नजर धरून ठेवतो. मूळ फारसी शब्दाचा अर्थ पहिलाच. दुसरा आपल्याकडे नाटक-सिनेमाने रूढ केला. बाहेरच्या जगातले शब्द, सूर आणि चित्रे मराठी घराच्या स्वयंपाकघरापर्यंत कशी पोहोचली, हे तपासू लागले की या दोन अर्थांची आठवण वारंवार होते. प्रस्तुत लेखाला निमित्त मात्र अगदी घरगुती आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आमच्या स्वयंपाकघरासाठी घरीच एक पडदा तयार केला. जुन्या लॅपटॉपचा काचपट, एक छोटा संगणक, प्लायवूडची चौकट आणि बरीचशी खटपट, एवढाच त्याचा ऐवज. तो का करावा लागला हे सांगताना थोडे मागे जावे लागेल.

आमचे घर भिवंडीत, धामणकर नाक्यापासून पायी सात-आठ मिनिटांवर आहे. नाक्याच्या एका अंगाला तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांचे पद्मानगर, दुसऱ्या अंगाला कामतघर आणि वऱ्हाळा तलाव; डोक्यावर आता ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब. परंतु या परिसराची ओळख डोळ्यांपेक्षा कानांना अधिक आहे. गल्लीत शिरले की यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईतील गिरणी संपानंतर इकडे वळलेले काम, या सर्वांनी मिळून हा आवाज घडवला आहे. येथे राहणाऱ्याला तो ऐकू येत नाही. थांबला तरच जाणवतो.

माझ्या सासूबाईंनी लूमच्या शेडला लागून असलेल्या खोलीत पंचवीस वर्षे कांडी भरली. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची, बाण्याच्या सुताची गुंडाळी. त्या मागावर नव्हत्या, त्यामुळे ‘लूम कामगार’ म्हणून त्यांची गणना कोठे झाली नाही. पण मधली भिंत आवाजाला अडवणारी नव्हती. यंत्रमागाच्या शेडमधील आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे सहज जातो आणि आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी नव्वद डेसिबल हीच कमाल मर्यादा धरलेली आहे. अशा आवाजाने कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. हानी प्रथम होते ती चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या उंच पट्टीत. मानवी बोलण्यातील स, श, च, थ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा बराचसा ध्वनी याच उंच पट्ट्यांत असतो. स्वर खालच्या पट्टीत राहतात. म्हणजे अशा माणसाची श्रवणशक्ती जाऊ लागते तेव्हा प्रथम व्यंजने जातात. कोणी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे हे कळत नाही. वर्गात वर्षानुवर्षे वर्णविचार शिकवताना ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. ती घरात कळली.

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात रेडिओ कायम असे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा फडताळाच्या वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, एक ट्रान्झिस्टर होता आणि त्याला रबर लावून सेलचे झाकण बसवलेले होते. पुढे तो बदलला, जागा बदलली नाही. गेल्या काही वर्षांत त्याचा आवाज वाढत गेला, मग एके दिवशी तो लागेनासा झाला. आम्हाला ते लक्षात यायला दोन महिने लागले. श्रवणयंत्र आणले, ते त्यांना मानवले नाही. कुकरची शिटी आणि भांड्यांचा आवाज त्यात असह्य होतो, असे त्यांचे म्हणणे. घरात मोबाइल होते, बाहेरच्या खोलीत दूरचित्रवाणी संच होता. पण त्यांचा दिवस स्वयंपाकघरात जातो, आणि तेथे आता काहीच पोहोचत नव्हते.

२

स्वयंपाकघरात बाहेरून काही ‘पोहोचावे’ लागते, ही स्थिती मुळात फार जुनी नाही. जात्याचा विचार केला तर हे ध्यानात येते. जाते हे दळण्याचे साधन होते आणि ओवी म्हणण्याचेही. पहाटे दोघी समोरासमोर बसत, खुंटा फिरे, आणि त्या लयीवर ओवी येई. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या संग्रहित केल्या. पुढे १९८० च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी गावोगावच्या स्त्रियांसह सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या; बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील बऱ्याच ध्वनिमुद्रित झाल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावरून त्या प्रसिद्ध होत आहेत. या संग्रहाचा आकार पाहिला की एक साधी गोष्ट पुढे येते: घरातील या अंधाऱ्या कोपऱ्यात निर्मिती चालू होती. तेथील बाई श्रोती होतीच, पण आधी ती गाणारी होती.

पिठाची गिरणी आली आणि दळणाचे कष्ट संपले. त्या कष्टांबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पहाटे तीनला उठून दोन पायल्या दळणाऱ्या बाईला जात्याचे काव्य विचारायला जाऊ नये. मात्र कष्टांबरोबर त्यांच्या लयीवर उभे असलेले गाणेही गेले, ही वस्तुस्थिती आहे. साधन बदलले आणि स्वयंपाकघर प्रथमच गप्प झाले. रेडिओ या घरात शिरला तो या शांततेत, असे मला वाटते. आणि म्हणूनच त्याच्या आगमनाचा इतिहास दिवाणखान्याच्या बाजूने न लिहिता स्वयंपाकघराच्या बाजूने लिहून पाहण्यासारखा आहे.

३

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क होते आणि त्या वर्षाअखेर साऱ्या देशातील परवान्यांची संख्या चार हजारांच्याही आत होती. संच बाहेरून येत आणि मध्यमवर्गालाही परवडत नसत. त्यामुळे आरंभीच्या अनेक हौशी श्रोत्यांनी स्वतःच संच जोडले. ‘क्रिस्टल सेट’ या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र तारेचे वेटोळे, शिशाच्या खनिजाचा एक खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार आणि कानाला लावायचा फोन इतक्यावर चाले. त्याला वीज लागत नसे. हा खडा विद्युतलहरी ओळखू शकतो, या शोधाचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये जगदीशचंद्र बसूंना मिळाले होते. घरी बनवलेल्या प्रसारमाध्यमाची आपल्याकडील परंपरा ही अशी जवळजवळ प्रसारणाइतकीच जुनी आहे. मात्र कानाचा फोन एक, आणि तो कोणाच्या कानाला लागत असेल याचा अंदाज करणे अवघड नाही. संच जोडणारा पुरुष, ऐकणाराही तोच.

नंतर आलेला व्हॉल्व्हचा रेडिओ सर्वांना ऐकू येई, परंतु तो जड होता, त्याला विजेचे बटण आणि छतावरची एरियल लागे, आणि त्याची किंमत त्याला घरातील दर्शनी जागा मिळवून देई. विणलेल्या रुमालाखाली तो ओटीवर किंवा बैठकीच्या खोलीत विराजमान असे. स्वयंपाकघरातील बाई तो ऐके ती दाराआडून. हे दाराआडून ऐकणे तिला नवे नव्हते. कीर्तन, पुराण, बैठकीचे गाणे, पुरुषांच्या राजकारणाच्या गप्पा, हे सारे माजघराच्या पडद्यामागून ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. रेडिओने पहिली काही वर्षे हीच व्यवस्था चालू ठेवली. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची गीते, सुधीर फडक्यांचे संगीत, एकूण छप्पन्न गाणी. लोक संचाला हार घालत, उदबत्ती लावून ऐकत, असे त्या काळाविषयी सर्वत्र सांगितले जाते. हार घालायला संच समोर असावा लागतो. त्या वेळी चुलीशी असलेल्या बाईला पोळी उलटता उलटता जेवढे कानावर पडले, तेवढे तिचे ‘गीतरामायण’. हा श्रोतृवर्ग लहान नव्हता. त्याची नोंद मात्र झालेली नाही.

ट्रान्झिस्टरने ही मांडणी मोडली. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागलेला हा शोध आपल्या घरांपर्यंत पोहोचायला दीड-दोन दशके गेली. पण पोहोचला तेव्हा रेडिओ हलका झाला, सेलवर चालू लागला, आणि जेथे बटण नाही तेथेही नेता येऊ लागला. महाराष्ट्रातील बहुसंख्य स्वयंपाकघरांत त्या काळी विजेचा एकच दिवा होता हे ध्यानात घेतले म्हणजे सेलचे महत्त्व कळते. शिवाय तो स्वस्त झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून गावोगावचे दुरुस्तीवाले संच जोडून देऊ लागले. कंपनीचे नाव नसलेला असा ‘लोकल’ सेट अनेक घरांत दुसरा रेडिओ म्हणून आला. पहिला बाहेर राहिला आणि दुसरा आत गेला. सासूबाईंच्या फळीवरचा पहिला ट्रान्झिस्टर अशाच जातीचा होता. भाग कोणाचे आणि खोके कोणाचे याचा एकमेकांशी संबंध नव्हता.

मुंबई आकाशवाणीचे ‘वनिता मंडळ’ हे या बदलाचे अपत्य नव्हे, ते आधीपासून होते. परंतु रेडिओ आत आल्यावर त्याला त्याची खरी जागा मिळाली. ‘पुन्हा प्रपंच’मधील बाळ कुडतरकरांचे पंत, प्रभाकर जोशींचे टेकाडे भावोजी आणि नीलम प्रभूंच्या मीनावहिनी ही पात्रे श्रोत्यांनी पाहिलेली नव्हती, आणि तरी ती घरातली होती. केवळ आवाजाने उभ्या राहणाऱ्या या श्रुतिकांचा अभ्यास आपल्या वाङ्मयेतिहासात अजूनही तळटीपेपुरताच होतो, ही खंत येथे नोंदवून ठेवते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाल्यावर गाण्यांचीही ददात उरली नाही. नाक्याच्या परिसरात तर एका चाळीत मराठी, तेलुगू, उर्दू आणि हिंदी असे चार आवाज चार स्वयंपाकघरांतून येत, असे सासूबाई सांगतात. शेजारणीच्या भाषेतील गाणी त्यांना अर्थ न कळता पाठ होती.

रेडिओ स्वयंपाकघरात रुळला याचे कारण त्याचा आशय जितके होता, तितकाच त्याचा स्वभावही होता. तो हात मागत नाही आणि डोळेही मागत नाही. विळी चालू असता, तेल तापत असता, ऐकता येते. रेडिओने बाईकडून तिचे काम थांबवण्याची मागणी केली नाही. अर्थात यात दुसरी बाजूही आहे. तिचे काम थांबू नये अशीच घराची सोय होती आणि रेडिओ त्या सोयीत बसला.

४

दूरचित्रवाणीने नेमके हेच नाकारले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि संच पुन्हा बाहेरच्या खोलीत गेला. हा संच पाहायला बसावे लागे. काळ्या-पांढऱ्या संचासमोर सारी चाळ जमे, तेव्हा घरची बाई पाहुण्यांच्या चहाचे पाहत असे, आणि अधूनमधून दाराच्या चौकटीत येऊन उभी राहत असे. पदराला हात पुसत चौकटीत उभे राहून पाहिलेले दूरदर्शन हा माझ्या पिढीने आपल्या आयांच्या बाबतीत पाहिलेला दृश्यप्रकार आहे. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले, तेव्हा रस्ते ओस पडत हे सर्वांना आठवते. त्या सकाळी स्वयंपाक लवकर उरकण्यासाठी किती वाजता उठावे लागे, हे फार थोड्यांना आठवते. बत्तीस वर्षांपूर्वी रामकथा ऐकताना पोळ्या चालू राहू शकत होत्या. आता कथेसाठी पोळ्या आधी संपवणे भाग होते.

ऐकणे आत आणि पाहणे बाहेर, अशी ही विभागणी पुढेही टिकली. रंगीत संच आले, वाहिन्या वाढल्या, मालिकांची प्रेक्षक प्रामुख्याने स्त्रीच मानली गेली. परंतु संचाची जागा बदलली नाही. छापील मजकुराने मात्र स्वयंपाकघरात बऱ्यापैकी लवकर प्रवेश केला होता. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे; ते पुरुषाने लिहिलेले. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने त्याने घराघरांत स्थान मिळवले. तेलाचे डाग पडलेली ‘रुचिरा’ची प्रत ही कदाचित मराठी स्वयंपाकघरात सर्वाधिक हाताळली गेलेली छापील वस्तू असेल. कृती वाचण्यासाठी पडदा हवा, असे आज सांगितले जाते, तेव्हा या पुस्तकाची आठवण येते. ते डब्याला टेकवून उभे करता येत असे आणि त्याला वीज लागत नसे.

५

स्वयंपाकघरासाठी पडदा बनवण्याचे प्रयत्न जगात झाले नाहीत असे नाही. अमेरिकेत १९६९ मध्ये ‘हनीवेल किचन कॉम्प्युटर’ची जाहिरात निमन-मार्कस या दुकानाच्या नाताळच्या सूचीत झळकली. किंमत दहा हजार सहाशे डॉलर. त्याला पडदा नव्हताच. माहिती घालायची ती खटक्यांनी आणि वाचायची ती दिव्यांच्या उघडझापीवरून. ते चालवता यावे म्हणून गृहिणीसाठी दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम सोबत दिला जाणार होता. एकही नग विकला गेल्याचा पुरावा नाही. २००० च्या ऑक्टोबरात थ्रीकॉम कंपनीने ‘ऑड्री’ नावाचे इंटरनेट-यंत्र खास स्वयंपाकघरासाठी पाचशे डॉलरच्या आत विकायला काढले; २००१ मध्ये ते बंदही झाले. यांतील तांत्रिक आणि आर्थिक कारणे वेगवेगळी असतील. पण दोन्हींमागे कल्पना एकच दिसते, की स्वयंपाकघर हे लहान आकाराचे कार्यालय आहे आणि तेथील बाई ही उभ्याने काम करणारी कारकून आहे.

या कल्पनेला वास्तुरचनेतही इतिहास आहे. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये रचलेले फ्रँकफर्ट स्वयंपाकघर हे आजच्या ओट्याचे पूर्वज मानले जाते. आपल्याकडे चूल जमिनीवर होती, विळी-पाटा जमिनीवर होता, बाई बसलेली होती. गॅस आणि सदनिका आल्या आणि बाई उभी राहिली. पाठीचे दुखणे काहीसे कमी झाले असेल, परंतु बसून करायच्या कामांबरोबरची संथ लय गेली. या बदलाचा आमच्या पडद्याशी संबंध आहे, हे आम्हाला पडदा बसवल्यावर कळले.

६

आता पडद्याविषयी. दहावी झालेला माझा मुलगा आणि नाक्यावरचे एक दुरुस्तीवाले यांनी मिळून तो जोडला. बंद पडलेल्या लॅपटॉपचा काचपट काढून घेतला. त्याच्या पाठीवर छापलेला क्रमांक पाहून त्याला जुळणारा नियंत्रक बोर्ड मागवावा लागतो. क्रमांक चुकला तर चित्र उमटत नाही, कधी काचपटच जळतो. आपला काचपट एलईडी प्रकाशाचा आहे याची खात्री दुरुस्तीवाल्यांनी आधी करून घेतली. फार जुन्या काचपटांत नळीचे दिवे असतात आणि त्यांना शेकडो व्होल्टचा दाब लागतो, ते पाण्याच्या जवळ नको, असे त्यांचे म्हणणे. बोर्डाला बारा व्होल्ट, आणि मजकूर पुरवणाऱ्या पत्त्याच्या डबीएवढ्या संगणकाला पाच व्होल्ट. हा संगणक, रास्पबेरी पाय, ब्रिटनमध्ये २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला, तो मुलांनी संगणकाचे पोट उघडून शिकावे म्हणून. लाकडी चौकटीला मागून हवेसाठी छिद्रे ठेवली आणि समोर पुसता येईल असे ॲक्रिलिक लावले, कारण फोडणीचा चिकटा कोणालाही सोडत नाही. खर्च सर्वाधिक झाला तो या छोट्या संगणकावर. काचपट फुकटचा होता.

काय दाखवायचे हा प्रश्न त्याहून अवघड ठरला. मुलाने पहिल्या दिवशी हवामान, दिनदर्शिका, पाककृतींचे व्हिडिओ आणि घड्याळ असे सारे एका पडद्यावर मांडले. सासूबाईंनी चष्मा लावून ते पाहिले आणि विचारले, “यात बोलतंय कोण?” प्रश्न बरोबर होता. त्यांना माहिती नको होती. फळीवरून बोलणारे माणूस परत हवे होते, आणि ते कानांना शक्य नव्हते म्हणून डोळ्यांना हवे होते.

ऐकू न येणाऱ्यासाठी बोलणे लिहून दाखवावे, ही कल्पना आपल्याकडे निराळ्या वाटेने आली आहे. ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत ‘त्याच भाषेतील उपशीर्षके’ या कल्पनेवर काम सुरू केले. २००२ मध्ये दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये हिंदी गाण्यांखाली हिंदीतच शब्द उमटू लागले. हेतू नवसाक्षरांच्या वाचनाचा होता. परंतु गाण्याचा शब्द ऐकू येत नसलेल्या माणसालाही त्याचा तितकाच उपयोग होता. मराठी कार्यक्रमांखाली मराठी अक्षरे आजही क्वचितच दिसतात. यंत्रमागांच्या, गिरण्यांच्या, छापखान्यांच्या आवाजात ज्यांचे कान गेले अशा माणसांची एक पिढी या राज्यात म्हातारी होत असताना हे कोणाला सुचू नये, याचे आश्चर्य वाटते.

आम्ही दोन गोष्टी केल्या. आकाशवाणीच्या प्रादेशिक बातमीपत्रांची मराठी संहिता संकेतस्थळावर मिळते; ती मोठ्या अक्षरांत पडद्यावर आणली. आणि बोलणे ऐकून त्याची अक्षरे करणारी आज्ञावली जोडून रेडिओवरचे भाषण लिखित स्वरूपात दाखवण्याची सोय केली. दुसरी सोय फसवी आहे. तिला मराठी येते, पण माणसांची नावे आणि गावांची नावे येत नाहीत. ‘भिवंडी’ची ‘भेंडी’ झालेली पाहून सासूबाई कितीतरी वेळ हसत होत्या. “तिलाही माझ्यासारखंच ऐकू येतंय,” त्या म्हणाल्या.

मुलाने मजकूर खालून वर सरकता ठेवला होता. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत; वाचन सावकाश. “पळवू नको रे, उभं ठेव,” हा त्यांचा पहिला बदल. दुसरा बदल जागेचा होता. पडदा आम्ही ओट्याच्या वर, डोळ्यांच्या रेषेत, शेगडीपासून बऱ्यापैकी दूर बसवला होता. सचित्र पुस्तिकांत असतो तसा. चार दिवसांत दोन फोडण्या जळल्या. शेगडीशी उभे असताना पाहता येत नाही, आणि पाहायला गेले की शेगडीकडे लक्ष राहत नाही, इतकी ही साधी गोष्ट. त्यांनी तो काढायला लावला आणि खाली, त्या भाजी निवडायला बसतात त्या कोपऱ्यात, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर लावून घेतला. मेथी निवडणे, लसूण सोलणे, तांदूळ पाखडणे ही कामे हात आपोआप करतात. डोळे मधूनमधून वर उचलता येतात. जात्यावर ओवी आली तीही अशाच बसल्या कामात आली असावी. हनीवेलच्या अभियंत्यांना किंवा आम्हाला जे सुचले नाही, ते त्या कोपऱ्यात रोज बसणाऱ्या बाईला लगेच कळले.

घरी केलेल्या वस्तूचा हाच लाभ मोठा वाटतो. ती स्वस्त पडते असे मी म्हणणार नाही. एखादा तयार टॅब घेतला असता तर त्रास वाचला असता. पण तयार वस्तूची जागा, वेग आणि बोलण्याची रीत दुसऱ्या कोणाच्या घराकडे पाहून आधीच ठरलेली असते. आमची वस्तू अपुरी होती म्हणून तिला विचारता आले, की आई, कोठे लावू.

७

भिवंडीचे वीजवितरण २००७ च्या जानेवारीत फ्रँचायझी पद्धतीने टोरेंट पॉवरकडे गेले. देशातील हा अशा प्रकारचा पहिला प्रयोग होता. त्याआधीच्या भारनियमनाच्या वर्षांत तासन्‌तास वीज नसे, माग थांबत, आणि त्या अनोळखी शांततेत स्वयंपाकघरातला सेलवरचा रेडिओ फार स्पष्ट ऐकू येई, असे सासूबाई सांगतात. त्यांच्या आठवणीतील सर्वांत चांगले ऐकणे हे त्या अंधारातले आहे. आता वीज गेली की पडदा काळा होतो आणि त्यावर त्यांचाच चेहरा दिसतो. ट्रान्झिस्टर फळीवर अजून आहे. त्यातले सेल मी महिन्याकाठी बदलते. का बदलते, ते मला नीट सांगता येणार नाही.

पडद्याने त्यांचा रेडिओ परत दिला का, या प्रश्नाचे उत्तर नाही असेच द्यावे लागेल. आवाजातील माणूस अक्षरात पूर्ण उतरत नाही. मीनावहिनींचे हसणे कोणत्या टंकात दाखवणार? गेलेली व्यंजने छापून परत आली, स्वरांची ऊब आली नाही. पण एक गोष्ट घडली, ती आम्ही योजलेली नव्हती. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या पिढीतील अनेकांप्रमाणे सासूबाईंना मनातल्या मनात वाचता येत नाही. त्या मोठ्याने वाचतात. सकाळी मी कॉलेजला निघण्यापूर्वी डबा भरत असते आणि कोपऱ्यातून, मेथीच्या काड्या मोडण्याच्या आवाजासह, राज्यातील धरणांचा पाणीसाठा, परीक्षांचे वेळापत्रक, विदर्भातील पाऊस हे सारे अडखळत, एकेक शब्द सुटा करत ऐकू येते. त्यांना स्वतःला ते कितपत ऐकू येते ठाऊक नाही. ओट्याशी उभी राहून ऐकणारी आता मी असते.